अध्यासनात न मावलेला प्राध्यापक : जे. आर. आर. टोल्किन

आपल्या घरातील मुले ज्या अद्भुतरम्य व्हिडिओ गेममध्ये तासन्‌तास रमलेली असतात, त्या खेळांचा आरंभ बहुधा एका निवडीने होतो. पडद्यावर काही आकृती उभ्या राहतात. ढाल-तलवार घेतलेला योद्धा, हाती दंड धरलेला जादूगार, जखमा भरून काढणारा धर्मोपदेशक, सावलीतून सरकणारा चोर, अरण्याच्या वाटा जाणणारा रेंजर. यांपैकी एकाची निवड केल्याखेरीज खेळ पुढे सरकत नाही. या प्रकाराला ‘कॅरेक्टर क्लास’, म्हणजे पात्राचा वर्ग, असे म्हणतात. वर्ग ठरला की पात्राला पुढे काय साधेल आणि काय कधीच साधणार नाही, हे बरेचसे निश्चित होते. योद्ध्याने मंत्र म्हणायचे नाहीत आणि जादूगाराने चिलखत चढवायचे नाही, असा या सृष्टीचा जुना दंडक आहे.

या आकृतींच्या वंशावळीत मागे मागे जाऊ लागलो, तर अनेक लेखक भेटतात. परंतु त्यांत सर्वांत मोठी सावली पडते ती ऑक्सफर्ड विद्यापीठात जुनी इंग्रजी भाषा शिकवणाऱ्या एका प्राध्यापकाची. जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन हे त्यांचे नाव. ‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या ग्रंथांचे हे कर्ते. ज्यांच्या कल्पनासृष्टीतून पुढे इतके वर्ग निघाले, त्यांना स्वतःला मात्र कोणत्याही एका वर्गात आयुष्यभर नीट बसता आले नाही. विद्यापीठातील अनेकांच्या लेखी ते प्राध्यापक होते आणि कथालेखन हा त्यांच्या हातून झालेला कालापव्यय होता. वाचकांच्या लेखी ते कथाकार होते आणि प्राध्यापकी हे उदरनिर्वाहाचे साधन होते. त्यांचे चरित्र पाहिले म्हणजे या दोन्ही समजुती अपुऱ्या असल्याचे दिसते. दोन्ही व्यवसायांचे मूळ एकच होते, आणि त्या दोहोंची किंमतही त्यांना एकाच वेळेच्या हिशेबातून चुकवावी लागली.

पोरकेपण आणि भाषा

टोल्किन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लुमफाँटेन येथे झाला. वडील आर्थर तेथे बँकेत व्यवस्थापक होते. तेथील हवा मुलाला मानवेना, म्हणून आई मेबल १८९५ साली रोनाल्ड आणि धाकटा हिलरी या दोघांना घेऊन इंग्लंडला आली. वडील मागाहून यायचे होते. परंतु १८९६च्या फेब्रुवारीत ते तिकडेच आजारपणात वारले आणि तात्पुरती म्हणून केलेली ती सफर कायमची ठरली.

बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात आईने मुलांचा संसार मांडला. पाणचक्की, ओढा आणि झाडी असलेले ते गाव पुढे हॉबिटांच्या ‘शायर’ या भूमीत उतरले. लॅटिनचे आणि वनस्पतींचे पहिले धडे त्यांनी आईकडेच घेतले. मेबल यांनी १९०० साली कॅथलिक पंथ स्वीकारला, तेव्हा नातलगांनी आर्थिक मदतीचा हात आखडता घेतला. चार वर्षांनी मधुमेहाने त्यांचा मृत्यू झाला. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वीचा तो काळ होता. बारा वर्षांचे रोनाल्ड आणि त्यांचा भाऊ पोरके झाले. फादर फ्रान्सिस मॉर्गन या कॅथलिक धर्मगुरूंनी त्यांचे पालकत्व निभावले.

भाषेचे वेड याच वर्षांतले. किंग्ज हीथ येथील घरामागून रेल्वेचा फाटा जाई. कोळशाच्या वाघिणींवर वेल्श गावांची नावे रंगवलेली असत. मुलाला त्यांचा अर्थ ठाऊक नव्हता, उच्चारही नीट येत नव्हता. परंतु त्या अक्षरांच्या रूपात आणि नादात आपल्याला काहीतरी हवेसे आहे, एवढे त्याला कळले होते. पुढे शाळेत लॅटिन आणि ग्रीकच्या जोडीला जुनी इंग्रजी आली, गॉथिक आली. ज्या भाषेचे फारच थोडे अवशेष उरले आहेत, तिच्यातील हरवलेले शब्द नियमांच्या आधारे घडवून पाहण्याचा छंद त्यांना लागला. तेथून स्वतःची भाषा घडवणे ही एक पायरी होती.

सोळाव्या वर्षी त्यांची एडिथ ब्रॅट या एकोणीस वर्षांच्या, त्यांच्यासारख्याच पोरक्या मुलीशी ओळख झाली. अभ्यासाकडे दुर्लक्ष होते आहे, असे पाहून फादर फ्रान्सिस यांनी एकवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत तिच्याशी संबंध ठेवण्यास मनाई केली. टोल्किन यांनी ती पाळली. एकविसाव्या वाढदिवसाच्या रात्री त्यांनी एडिथला पत्र लिहिले. तोवर तिचे लग्न दुसरीकडे ठरले होते. ते मोडून तिने टोल्किन यांना होकार दिला.

ऑक्सफर्ड आणि खंदक

ऑक्सफर्डच्या एक्झेटर कॉलेजात ते १९११ साली दाखल झाले, तेही शिष्यवृत्तीच्या दुसऱ्या प्रयत्नात. विषय होता ग्रीक व लॅटिन वाङ्मय. मन मात्र भलतीकडेच. ग्रंथालयात फिनिश भाषेचे व्याकरण हाती लागले आणि परीक्षेचा अभ्यास मागे पडला. १९१३च्या परीक्षेत त्यांना दुसरा वर्ग मिळाला. भाषाशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत मात्र त्यांचे काम इतके उत्तम होते, की कॉलेजने त्यांना इंग्रजी विभागाकडे वळण्याची मुभा दिली. एका विषयातील अपयशाने योग्य विषयाचे दार उघडले, असे म्हणता येईल.

त्यांचे एक गुरू जोसेफ राइट यांचे उदाहरणही त्यांच्यासमोर होते. यॉर्कशायरच्या गिरणीत लहानपणापासून राबलेला हा माणूस वयाच्या पंधराव्या वर्षी वाचायला शिकला आणि ऑक्सफर्डमध्ये तुलनात्मक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. शब्दांवरची निष्ठा माणसाला कोठवर नेते, हे टोल्किन यांनी त्यांच्यात पाहिले.

१९१५ साली इंग्रजीत पहिला वर्ग मिळवून टोल्किन पदवीधर झाले, पण तोवर युद्ध दाराशी आले होते. २२ मार्च १९१६ रोजी त्यांनी एडिथशी विवाह केला आणि जूनमध्ये ते फ्रान्सला रवाना झाले. लँकेशायर फ्युझिलियर्स या पलटणीत ते संदेशवहन अधिकारी होते. सोमच्या लढाईत त्यांनी कित्येक आठवडे खंदकांत काढले. अखेर उवांमधून पसरणाऱ्या ‘ट्रेंच फीव्हर’ने त्यांना गाठले आणि नोव्हेंबरमध्ये ते इंग्लंडला परतले. शाळेत चार जिवलग मित्रांची एक मंडळी होती. कवितेने जगात काही भर घालायची, अशी त्यांची आकांक्षा. त्यांतील रॉब गिल्सन सोमच्या पहिल्याच दिवशी पडला. जेफ्री स्मिथ डिसेंबरात गेला. टोल्किन आणि ख्रिस्तोफर वाइजमन असे दोघेच उरले.

आजारपणातील सक्तीच्या विश्रांतीत टोल्किन यांनी वहीत कथा लिहावयास घेतल्या. त्यांनी घडवलेल्या भाषा बोलणारे लोक कोण, त्यांचा इतिहास काय, त्यांचे पतन कसे झाले, याचे ते वृत्तांत होते. यॉर्कशायरमधील एका रानात एडिथ त्यांच्यासाठी नाचली. त्या आठवणीतून अमर राजकन्या लूथिएन आणि मर्त्य मानव बेरेन यांची कथा जन्मली. हेच पुढे ‘सिल्मरिलियन’ म्हणून ओळखले जाणारे पुराण. त्यावरील काम मृत्यूपर्यंत चालू राहिले आणि त्यांच्या हातून कधीच पुरे झाले नाही.

कोशापासून अध्यासनापर्यंत

युद्धानंतरची त्यांची पहिली नोकरी ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या कार्यालयात होती. संपादक हेन्री ब्रॅडली यांच्या हाताखाली ‘डब्ल्यू’ या अक्षराच्या आरंभीच्या शब्दांवर त्यांनी काम केले. वॉलरस, वॉस्प, वॉटर अशा शब्दांची मुळे आणि अर्थांचे टप्पे शोधत त्यांचे दिवस जात. १९२० साली लीड्स विद्यापीठात त्यांची नेमणूक झाली. १९२२ साली त्यांचा मध्ययुगीन इंग्रजीचा शब्दसंग्रह आणि १९२५ साली ई. व्ही. गॉर्डन यांच्यासह ‘सर गवेन अँड द ग्रीन नाइट’ या काव्याची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध झाली. ती आवृत्ती कित्येक दशके विद्यार्थ्यांच्या हाती राहिली. त्याच वर्षी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, ते ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सन भाषेचे प्राध्यापक म्हणून निवडले गेले. मते समसमान पडली होती. कुलगुरूंच्या निर्णायक मताने ते पद त्यांच्याकडे आले.

त्यांचे शास्त्र फिलॉलॉजी, म्हणजे जुन्या ग्रंथांच्या आधारे शब्दांचा आणि त्यांमागील समाजाचा इतिहास शोधण्याचे शास्त्र. मराठी वाचकाला ते समजणे अवघड नाही. संस्कृतातील हस्त, प्राकृतातील हत्थ आणि मराठीतील हात. सप्त, सत्त आणि सात. बदल मनमानी नसतो, त्याला नियम असतो. तो नियम सापडला, की ज्याची नोंद कोठेच नाही असा मधला शब्दही तर्काने उभा करता येतो. टोल्किन यांनी विद्यापीठात हेच शिकवले आणि घरी याच नियमांनी काल्पनिक भाषा घडवल्या. फिनिशच्या नादावर आधारलेली क्वेन्या आणि वेल्शच्या वळणाची सिंडारिन या त्यांच्या दोन एल्फ-भाषा एकाच मूळ भाषेतून, ठरलेल्या ध्वनिनियमांनी फुटलेल्या बहिणी आहेत.

पात्रांची नावेही याच खाणीतली. ‘एंट’ हा जुन्या इंग्रजीत राक्षसाला असलेला शब्द त्यांनी चालत्या-बोलत्या वृक्षांना दिला. ‘ऑर्क’ही तेथूनच उचलला. बुटक्यांची बहुतेक नावे आणि स्वतः गँडाल्फचे नाव जुन्या नॉर्स काव्यातील एका यादीत आढळते. ज्या नावांची कथा काळाच्या ओघात हरवली, ती कथा त्यांनी परत घडवली. म्हणूनच कथालेखन हा त्यांच्या शास्त्राचा शत्रू होता असे म्हणणे कठीण आहे. कोशकाराने जेथे प्रामाणिकपणे थांबायचे, तेथून पुढे त्यांच्यातील कथाकार निघे.

अध्यापक म्हणून ते अस्पष्ट आणि भरभर बोलत, अशी तक्रार असे. पण ‘बेवुल्फ’ या प्राचीन काव्यावरील व्याख्यानमालेचा आरंभ ते ज्या रीतीने करत, ती विद्यार्थ्यांच्या कायमची लक्षात राही. निःशब्द वर्गात शिरून ते मूळ भाषेतील पहिल्या ओळी गडगडत्या आवाजात म्हणत. कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी ते विद्यार्थिदशेत ऐकले आणि त्याचे ऋण पुढे मान्य केले. कामातही टोल्किन हात राखणारे नव्हते. वर्षाला किमान ३६ व्याख्याने देण्याचे बंधन असताना ऑक्सफर्डमधील दुसऱ्या वर्षी त्यांनी १३६ दिली.

उत्तरपत्रिकेचे कोरे पान

चार मुले, आजारपणे आणि घरखर्च यांचा मेळ प्राध्यापकाच्या पगारात बसत नसे. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत ते शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत. १९३०च्या सुमारास अशाच एका गठ्ठ्यात एका विद्यार्थ्याने एक पान कोरे सोडलेले निघाले. कंटाळलेल्या परीक्षकाने त्यावर, जमिनीतील बिळात राहणाऱ्या हॉबिट नावाच्या प्राण्याविषयी एक वाक्य लिहून टाकले. हॉबिट म्हणजे काय, हे त्यांनाही तेव्हा ठाऊक नव्हते. शब्द आधी आला, त्याचा अर्थ शोधणे नंतर. ही फिलॉलॉजिस्टचीच रीत.

ती गोष्ट मुलांना सांगत सांगत वाढली. एका माजी विद्यार्थिनीमार्फत तिचे हस्तलिखित ॲलन अँड अनविन या प्रकाशनसंस्थेकडे गेले. प्रकाशक स्टॅन्ली अनविन यांनी ते आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, अभिप्रायासाठी दिले आणि त्याबद्दल त्याला एक शिलिंग मेहनताना दिला. अनुकूल अभिप्राय आला. २१ सप्टेंबर १९३७ रोजी ‘द हॉबिट’ प्रसिद्ध झाले.

याच्या आदल्याच वर्षी ब्रिटिश अकादमीत टोल्किन यांनी ‘बेवुल्फ’वर दिलेले व्याख्यान त्या काव्याच्या अभ्यासाला वळण देणारे ठरले. पंडित या काव्याकडे इतिहासाची खाण म्हणून पाहतात आणि त्यातील राक्षस व ड्रॅगन यांना बालिश समजून बाजूला सारतात, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या मते ते राक्षसच काव्याच्या केंद्रस्थानी होते. हे समजावताना त्यांनी एक दृष्टान्त दिला. एका माणसाने जुन्या पडक्या वास्तूचे दगड घेऊन मनोरा बांधला. मित्रांनी दगड कोठून आले हे पाहण्यासाठी तो मनोरा पाडला आणि वर हा काय वेडेपणा म्हणून हसले. त्या मनोऱ्यावरून त्याला समुद्र दिसत होता, हे कोणी ध्यानातच घेतले नाही. प्राध्यापक आणि कथाकार या दोघांनी मिळून दिलेले ते व्याख्यान होते.

सी. एस. लुईस हे त्यांचे या काळातील सर्वांत जवळचे श्रोते. दोघांची ओळख १९२६ साली विभागाच्या बैठकीत झाली. गुरुवारी रात्री लुईस यांच्या खोलीत ‘इंकलिंग्ज’ नावाची मित्रमंडळी जमे आणि प्रत्येक जण आपले नवे लिखाण वाचून दाखवी. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची प्रकरणे प्रथम ऐकली ती या मंडळींनी.

वेळेचा हिशेब

‘द हॉबिट’चा उत्तरार्ध म्हणून डिसेंबर १९३७ मध्ये सुरू केलेली ती कादंबरी पुरी व्हायला बारा वर्षे लागली. दिवसा व्याख्याने, विद्यार्थी, समित्या, अभ्यासक्रमाचे वाद. लेखन रात्री उशिरा. युद्धकाळात कागदाची टंचाई होती, तेव्हा जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजू कामी आल्या. १९४५ साली त्यांच्याकडे मर्टन कॉलेजमधील इंग्रजी भाषा-साहित्याचे अध्यासन आले आणि जबाबदाऱ्या आणखी वाढल्या.

प्राध्यापकीच्या खात्यात मात्र येणे थकत चालले होते. चॉसरच्या निवडक काव्याची एक विद्यार्थी-आवृत्ती त्यांनी तरुणपणी हाती घेतली. टिपा इतक्या लांबल्या, की ग्रंथ कधीच निघाला नाही. त्या कामाची हकीकत २०१९ साली ग्रंथरूपाने पुढे आली. ‘बेवुल्फ’चे गद्य भाषांतर त्यांनी १९२६ सालीच केले होते, ते त्यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी, २०१४ साली, प्रकाशित झाले. ‘अँक्रेन विसे’ या मध्ययुगीन ग्रंथावरील त्यांची आवृत्ती निघाली १९६२ साली, निवृत्तीनंतर. एवढ्या मोठ्या विद्वानाने इतके थोडे का प्रकाशित केले, असा प्रश्न सहकाऱ्यांना पडणे स्वाभाविक होते. कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांना त्याचे उत्तर मिळाले आणि ते सर्वांनाच आवडले नाही.

हे टोल्किन यांना कळत नव्हते असे नाही. ‘लीफ बाय निगल’ ही त्यांची छोटी कथा १९४५ साली प्रसिद्ध झाली. एका सामान्य चित्रकाराला एक विशाल वृक्ष रंगवायचा आहे. शेजाऱ्याची कामे, घरची कामे आणि टाळता न येणारा एक प्रवास यांत त्याचे चित्र अपुरे राहते. हाती उरते एक पान. पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकाची धास्ती या कथेत स्पष्ट दिसते. तरीही त्या कथेतला शेजारी खलनायक नाही, हे महत्त्वाचे. त्याच्यासाठी गेलेला वेळ वाया गेला, असे कथा म्हणत नाही.

१९५४ आणि १९५५ मध्ये ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड निघाले. रेनर अनविन आता संस्थेत काम करत होते. हजार पौंडांचे नुकसान होईल, हे गृहीत धरून त्यांनी वडिलांची संमती मिळवली. पहिल्या खंडाच्या तीन हजार प्रतीच काढल्या. लेखकाशी निव्वळ नफ्याच्या वाटणीचा करार झाला, कारण नफा होण्याची शक्यता कोणालाच दिसत नव्हती. पुढे तोच करार टोल्किन यांना श्रीमंत करून गेला. १९६५ साली अमेरिकेत एका प्रकाशकाने परवानगीवाचून स्वस्त आवृत्ती काढली. त्यावरून उठलेल्या वादानेच ग्रंथ अमेरिकी विद्यापीठांच्या वसतिगृहांत पोहोचला. १९५९ साली निवृत्त झालेल्या वृद्ध प्राध्यापकांना मध्यरात्री अटलांटिकपलीकडून चाहत्यांचे दूरध्वनी येऊ लागले.

एडिथ यांचे निधन नोव्हेंबर १९७१ मध्ये झाले. १९७२ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने टोल्किन यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ती भाषाशास्त्रातील कार्याबद्दल आहे, कादंबरीबद्दल नाही, हे त्या समारंभात आवर्जून सांगण्यात आले. ऐंशीव्या वर्षीही विद्यापीठाने त्यांचा वर्ग स्पष्ट करून घेतला होता. २ सप्टेंबर १९७३ रोजी बोर्नमथ येथे त्यांचा मृत्यू झाला. ऑक्सफर्डजवळच्या वुल्व्हरकोट दफनभूमीत ते एडिथ यांच्या शेजारी विसावले आहेत. शिळेवर तिच्या नावाखाली लूथिएन आणि त्यांच्या नावाखाली बेरेन असे कोरलेले आहे. प्राध्यापक किंवा कादंबरीकार यांपैकी एकही बिरुद तेथे नाही.

वर्गांचा उदय

त्यांच्या मृत्यूला पाच महिने होण्यापूर्वी, जानेवारी १९७४ मध्ये, अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाजारात आला. कागद, पेन्सिल आणि फासे यांवर चालणाऱ्या या खेळात तीन वर्ग होते: योद्धा, जादूगार आणि धर्मोपदेशक. पुढल्या वर्षी चोर आणि रेंजर आले. रेंजर तर अरण्यात भटकणाऱ्या ॲरागॉर्नवरूनच बेतलेला होता. हॉबिट, एंट हेही त्यात होते. टोल्किनसृष्टीचे व्यापारी हक्क असणाऱ्यांनी आक्षेप घेतल्यावर हॉबिटचे ‘हाफलिंग’ झाले. गायगॅक्स स्वतः टोल्किन यांच्याहून रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर आणि जॅक व्हान्स यांचे ऋण मोठे मानत. मंत्र आधी पाठ करायचा आणि वापरला की तो विसरायचा, ही युक्ती व्हान्स यांचीच. तरीही एल्फ, बुटके आणि हाफलिंग यांच्या सोबतीने निघालेली टोळी पाहिली, की तिचे मूळ गाव कोणते हे सांगावे लागत नाही.

संगणकावर हा खेळ प्रथम चढला तो विद्यापीठांतूनच. १९७५ साली इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शैक्षणिक संगणकप्रणालीवर विद्यार्थ्यांनी गुपचूप असे खेळ लिहिले. १९८१ साली कॉर्नेलच्या दोन विद्यार्थ्यांनी ‘विझर्ड्री’ आणले. ओक्लाहोमा विद्यापीठात १९८०च्या दशकात तयार झालेल्या एका खेळाचे नाव थेट ‘मोरिया’ होते, तर १९९० साली वॉरिक विद्यापीठात त्याचा वंशज ‘अँगबँड’ जन्मला. दोन्ही नावे टोल्किन यांची. प्राध्यापकाच्या कथा नकळत पुन्हा विद्यार्थ्यांच्या खोल्यांत परतल्या होत्या.

मात्र या प्रवासात काय गळाले, तेही पाहण्यासारखे आहे. खेळातील जादूगार अग्निगोल फेकतो. टोल्किन यांचा गँडाल्फ क्वचितच तसे करतो. त्याचे सर्वांत निर्णायक काम कोणते? तो मिनास टिरिथच्या दफ्तरखान्यात जाऊन जुनी बाडे चाळतो, एका विस्मृत राजाची टिपण वाचतो आणि त्यावरून अंगठीची ओळख पटवतो. मोरियाच्या दारापाशी तो अडतो, तोही एका साध्या वाक्याचा अर्थ चुकीचा लावल्यामुळे. म्हणजे त्याचे शस्त्र हस्तलिखित आहे आणि त्याची चूक वाचनातली आहे. शिवाय टोल्किन यांच्या जगात जादूगारी हा शिकून घेण्याचा पेशाच नव्हे. ते पाचच जण आहेत, सल्ला देण्यासाठी पाठवलेले, बळाने राज्य करण्यास मनाई असलेले.

ॲरागॉर्नचेही तसेच. त्याचे राजेपण तलवारीपेक्षा एका औषधी पाल्याने सिद्ध होते. तेथे टोल्किन यांनी आपल्या व्यवसायाची गंमतही केली आहे. रुग्णालयातील पंडिताला त्या वनस्पतीची सगळ्या भाषांतील नावे येतात. पाला मात्र त्याच्यापाशी नसतो. आणि ज्या बिल्बोला बुटके चोर म्हणून नेमतात, त्याने तोवर कधी काही चोरलेले नसते. दारावर कोणीतरी केलेल्या खुणेने त्याला तो वर्ग मिळतो. त्याच्या आयुष्याची अखेर कशात होते? रिव्हेंडेलमध्ये बसून आठवणी लिहिण्यात आणि एल्फ-भाषेतून भाषांतरे करण्यात. चोर म्हणून नेमलेला हॉबिट अखेर विद्वान ठरतो. अशी वाट खेळाच्या पहिल्या पडद्यावर सापडत नाही.

यात खेळ घडवणाऱ्यांचा दोष नाही. खेळाला नियम लागतात आणि टोळीत प्रत्येकाचे काम वेगळे असावे लागते. त्यांनीही जुन्या मनोऱ्याचे दगड घेऊन आपापली घरे बांधली, जशी टोल्किन यांनी ‘बेवुल्फ’चे दगड घेऊन बांधली होती. त्यांतल्या अनेक घरांवरूनही आज कोणाला तरी समुद्र दिसत असेल. मूळ मनोरा बांधणारा मात्र दगड घडवणारा आणि समुद्र पाहणारा, असा दोन्ही होता.

परदेशात नोकरी करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना व्हिसाच्या अर्जात व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द लिहायची सवय झालेली असते. रात्री उशिरा लिहिली जाणारी कविता, शनिवारची नाटकाची तालीम, अर्धे राहिलेले भाषांतर यांना तेथे जागा नसते. टोल्किन यांचे चरित्र त्यांना स्वस्त दिलासा देत नाही. दोन कामे मनापासून करणाऱ्याची एखादी थकबाकी राहतेच, हे त्यात स्पष्ट दिसते. चॉसर राहिला, ‘सिल्मरिलियन’ राहिले. ते नंतर मुलाने, ख्रिस्तोफर यांनी, १९७७ साली संपादित करून जगापुढे आणले. त्यासाठी त्यांनी ऑक्सफर्डमधील आपली अध्यापकाची नोकरी सोडली होती.

घरातले मूल पुढच्या वेळी त्या पहिल्या पडद्यासमोर बसेल आणि कोणता वर्ग घेऊ म्हणून विचारेल, तेव्हा त्याला आवडेल तो घेऊ द्यावा. त्याबरोबर उत्तरपत्रिका तपासता तपासता कोऱ्या पानाशी थांबलेल्या त्या परीक्षकाची गोष्टही सांगावी.